रिकाम्या मेंदूतला रंग

ती काचपट्टी कोरीच राहायला हवी होती. डारियाने ती मायक्रोस्कोपखाली सरकवली. तपकिरी रंग चढला होता, विहिरीतल्या शेवाळासारखा गडद.

पट्टीवरच्या या उंदराच्या मेंदूत विस्मरणाच्या रोगाचं ते प्रथिन नव्हतंच, जन्माआधीच काढून टाकलेलं. मग विनिपेगच्या या प्रयोगशाळेचं लाडकं प्रतिपिंड, जे म्हणे त्या एकाच प्रथिनाला चिकटून रंग उठवतं, ते इथे कशाला चिकटलं?

"अगं, उंदीर बदलला असशील," प्रमुख डॉक्टर हाल्दोरसन कॉफी ढवळत म्हणाले. "नाहीतर पट्टी धुवायचा आळस!"

"दोन्ही तपासलं, डॉक्टर. प्रतिपिंड न घातलेली पट्टी स्वच्छ आहे."

"आपला शोधनिबंध तपासणाऱ्या त्या मासिकाच्या परीक्षकाला तरी ही चाचणी मागायची अवदसा कुठून आठवली!"

आजवर ती कुणी केलीच नव्हती. आजारी मेंदूवर रंग इतका सुरेख उठायचा, की देखण्या स्थळाची चौकशी कोण करतो? त्याच प्रतिपिंडावरून विस्मरणाचं औषध तयार झालं होतं. आज सकाळी समोरच्या इस्पितळात पहिल्या रुग्णांना ते द्यायचं होतं. त्यांत डारियाची आई होती. तिचं नाव डारियानेच सुचवलं होतं.

"रंग कुठे आहे ते तरी बघा."

हाल्दोरसन वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"मेंदूचा देठ," डारिया हलकेच म्हणाली. "औषध चिकटणार ते श्वास सांभाळणाऱ्या पेशींना."

"उंदराच्या," ते पुटपुटले. "माणसात तसंच होईल असं नाही." मान मात्र वर केली नाही.

डारियाने इस्पितळाला फोन लावला.

"ओक्सानाबाईंची लेक ना?" नर्स मिशेल हसत म्हणाली. "काय बाई आहेत! मला म्हणतात, सुई टोचतेस की विणकाम करतेस? सलाइनमधून औषध मघाशीच सुरू केलं. आता गाढ झोपल्यात."

"नळी बंद करा. आत्ता."

"अहो, डॉक्टर हाल्दोरसन सांगतील तेव्हाच ना?"

डारियाने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. "आधी चाचणी परत करू," ते म्हणाले. "एवढी वर्षं, डारिया…"

"माझी आई आहे ती!"

तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केला. पलीकडे कुणीतरी ओक्सानाला हाका मारत होतं, आणि पावलांची धावपळ ऐकू येत होती.