दोरीतलं बाकडं

मी चौकातलं बाकडं बोलतंय. बाकड्यानं गप्प बसावं असं तुम्हाला वाटेल, पण मला ते कधी जमलंच नाही. जन्मापासून मी डुगडुगतं.

मस्कतच्या बंदराजवळ एक जुना बाजारचौक आहे. तिथे तय्यब शिंप्याचं काडेपेटीएवढं दुकान. एका मोडीत काढलेल्या गलबताच्या सागवानी फळ्या आणून त्यानं मला ठोकलं. माणूस रत्नागिरीचा, कात्रीत हुशार, करवतीत कच्चा. माझा एक पाय आखूड राहिला. त्याखाली त्यानं दोऱ्याचं रिकामं रीळ सरकवलं आणि सुतारकाम उरकलं.

दुपारी एकला बाजार बंद व्हायचा. त्याच सुमाराला हमरियातल्या घरून त्याची बायको आमिना डबा घेऊन टॅक्सीनं थेट दुकानासमोर उतरायची. दोघं माझ्यावर बसून गरम भात नि माशाचं कालवण खायची. दिवसभरात दोघांच्या गप्पा होत त्या तेवढ्याच. ती गुडघ्यांची कुरकूर करायची, तो काटे काढत हं हं म्हणायचा. बावीस वर्षं मी हेच ऐकलं आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

मग २०१४ साली ठरलं, की हा ऐतिहासिक चौक आता फक्त पायी चालणाऱ्यांचा. गाड्या बंद, जुनी फरशी उखडून नवी. माझ्या पाठीवर पिवळी फुली मारली गेली. फुली म्हणजे भंगार, हे मला कामगारांच्या बोलण्यावरून कळलं.

टॅक्सी आता समुद्राकडच्या रस्त्यावर थांबू लागली. तिथून दुकान आमिनाच्या गुडघ्यांना झेपेना. दोन दिवस ती अर्ध्या वाटेवरून परत गेली. तिसऱ्या दिवशी तय्यबनं मला फरफटत अर्ध्या वाटेवरच्या कडुनिंबाखाली आणलं, रीळही आठवणीनं आणलं. तिथे टेकून दम घेतला की आमिना पुढे दुकान गाठायची.

जूनमधल्या एका दुपारी वल्लरी आली. नव्या चौकाचा नकाशा काढणारी, पुण्याची मुलगी. अल् खुवैरच्या ऑफिसातून ती दरवेळी गाडीनं यायची, काचेतून पाहायची, जायची. आता तिचीही गाडी बाहेरच राहिली. घामानं निथळत, तापलेल्या फरशीवरून कशीबशी चालत ती माझ्यापाशी पोचली. आमिना सरकली आणि तिनं वल्लरीला कोकम सरबत दिलं.

"नकाशात सगळी बाकं उन्हात काढलीत मी," वल्लरी पुटपुटली.

"बाय, एकदा चालत आली असतीस तर कळलं असतं," आमिना म्हणाली. "हे तरी ठेव. ह्याच्याशिवाय मला दुकान गाठता येत नाही."

"हे हलणार नाही. शब्द देते."

तिनं शब्द पाळला, हेच माझं दुर्दैव. ऑफिसात तिनं मला जपण्याजोगी जुनी वस्तू ठरवून घेतलं. मग मला तासलं, पॉलिश केलं, पाय सिमेंटात पुरले. रीळ कुठे गेलं देव जाणे. शेजारी पितळी पाटी लागली, भोवती जाड दोरी आली. बसू नये.

काल आमिना आली. पाटी तिला वाचता येत नाही, पण दोरी कळली. ती माझ्याजवळ उभी राहिली, या पायावरून त्या पायावर भार टाकत. तय्यब दुकानातून धावत आला, तेव्हा तिनं डबा त्याच्या हातात दिला.

"खलास. उद्यापासून सकाळी जातानाच डबा न्या. थंड खा."

ती वळली आणि सावकाश टॅक्सीकडे गेली. आज एक वाजून गेला, ती आलेली नाही. तय्यब दुकानाच्या पायरीवर एकटाच जेवतोय.

माझे पाय आता पक्के आहेत, पण जिवाची इतकी घालमेल मी डुगडुगत होतं तेव्हाही झाली नव्हती. वल्लरी, रागावलेलं नाही गं मी तुझ्यावर. एकदाच पुन्हा ये. गाडी लांब लाव आणि दुपारी एकला चालत ये. माझ्यापाशी पोचलीस की तुला बसावंसं वाटेल. तेव्हा ही दोरी तूच सोडशील.