जाळलेला पत्ता

यावर कोणाचा बापही विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. ऐकायला शेजारचे कंपाउंडर होते आणि माझी नात. खेळ तिच्याच टॅबवरचा. आत आमची ही बटाटे सोलत होती, सुरीची खरखर बाहेर ऐकू येत होती.

खेळ पत्त्यांचा. सुरुवातीला फुटकळ पत्त्यांची गड्डी मिळते. राक्षसाला हरवलं की नवा पत्ता. वापरलेला पत्ता बाजूच्या ढिगात पडतो, आणि गड्डी संपली की तो ढीग पिसून पुन्हा आपल्यासमोर येतो.

"म्हणून पत्ते कमी ठेवायचे, आजोबा," नातीने मला बजावलं होतं. "गड्डी फुगली की हवा तो पत्ता वेळेवर येत नाही. वाटेत भट्टी लागते, नको ते तिथे जाळायचं. पण जपून. जाळलेला गेला तो गेलाच."

"मला शिंप्याला हे काय शिकवायचं?" मी कंपाउंडरांना म्हटलं. "जन्मभर जास्तीचं कापड कापत आलोय."

"आणि घरी नेत आलाय," कंपाउंडर म्हणाले.

"मध्ये बोलू नका हो!"

तर परवा दुपारी, ही आत अशीच बटाटे सोलत असताना, गड्डीत एक मोडकी छत्री आली. जाळली. उठून बघतो तर दाराची खुंटी रिकामी. म्हटलं, हिने उचलली असेल. मग फाटका पायमोजा जाळला, तर माझा उजवा पाय उघडा! आता थांबायचं की नाही? पण पुढे शेवटचा राक्षस उभा होता. बिनतोंडाचा, माझ्याच मापाचा कोट घातलेला. त्याला कापायला हातात मला नुसते कात्र्यांचे पत्ते हवे होते, आणि मध्येच सारखा एक पत्ता कडमडत होता. पाठमोरी बाई, बटाटे सोलत बसलेली. खाली बारीक काहीतरी लिहिलेलं. चष्मा कोण शोधत बसणार? हात सवयीचा, डोक्याआधी चालला. जाळला.

आतली खरखर थांबली.

"अगं?" मी हाक मारली. ओ नाही. आत गेलो. नळ चालू. पाटावर अर्धवट सोललेला बटाटा, त्याचं साल अजून हलत होतं. फळीवर कप एकच. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत मी एकटाच, आणि माझा हात कोणाच्या तरी खांद्यावर असावा तसा हवेत.

कंपाउंडरांनी चहाचा कप खाली ठेवला.

धावत खुर्चीत आलो, चष्मा लावला, एका कात्रीखालची ओळ वाचली. 'पाठमोरी बाई हातात असेल तरच कापते.' प्रत्येक कात्रीखाली तेच! सगळी गड्डी तिच्या जिवावर चालत होती, आणि मी तिलाच फालतू समजून जाळलं होतं. कात्री मारली, तर राक्षसाच्या कोटाचा धागासुद्धा तुटला नाही. तो एकेक पाऊल पुढे येत होता. कॉलरच्या आत हळूहळू तोंड उमटायला लागलं. माझं.

"मग हो?" कंपाउंडर कुजबुजले.

"मग काय, धीर सोडला नाही. मार खात राहिलो, कात्र्या टाकत राहिलो. गड्डी संपली, ढीग पिसला गेला, आणि पहिलाच पत्ता कोणता यावा? ही! एका घावात राक्षस गारद. आत खरखर सुरू. बाहेर येऊन मलाच म्हणते, 'अहो, छत्री कुठे ठेवलीत?' "

कंपाउंडरांनी हुश्श केलं. नातीने मात्र टॅब मांडीवर पालथा घातला.

"साफ खोटं, आजोबा! ढिगातला पत्ता परत येतो, जाळलेला कधीच येत नाही. आजी परत आलीच नसणार. मग आत बटाटे सोलतंय ते कोण?"