भावाचा स्वेटर

त्या कंपनीत मुलाखतीला आलेल्यांना खुर्ची मिळत नसे. कंपनी शीतगृहं बांधायची आणि उमेदवाराला थेट शीतगृहात नेऊन, उभ्याउभ्या प्रश्न विचारले जायचे. ज्याला थंडी सोसत नाही त्याला काम काय सोसणार, असं मोठ्या साहेबांचं म्हणणं. कामगार पाठीमागे त्यांना ‘थंडोबा’ म्हणत.

म्हणून धाकटीने निघताना भावाचा जाड स्वेटर अंगात चढवला. त्यावर त्याच्या कॉलेजचं चिन्ह विणलेलं होतं, आणि ते कॉलेज म्हणजे नाव निघताच नातेवाइकांनी सावरून बसावं असं. भाऊ तिथून पदवी घेऊन आला त्याला दोन वर्षं झाली. चालून आलेल्या नोकऱ्या त्याने ‘आमच्या कॉलेजला शोभत नाहीत’ म्हणून नाकारल्या आणि तेव्हापासून तो घरी ताणून देत होता. धाकटी शिकली ती घरामागच्या कॉलेजात. तिथे प्रयोगशाळेत शीतयंत्र एकच, तेही सदा आजारी, त्यामुळे मुलांना ते खोलून पुन्हा जोडण्यावाचून गत्यंतर नसायचं. तिला त्या कामाची गोडीच लागली. अर्ज तिने ढीगभर केले. बोलावणं एवढंच आलं. हेही हुकलं तर काकांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं घरात ठरूनही गेलं होतं.

शीतगृहात साहेबांची नजर स्वेटरवर गेली आणि थंडोबा चक्क वितळले. अर्ज त्यांनी वाचलेला नव्हताच.

“अगं, तू आपल्या कॉलेजची! आधी सांगायचं नाही का? कॅन्टीनमधला तो वाकडा पंखा आहे का अजून?”

पंख्याच्या गोष्टी भावाने घरात इतक्यांदा ऐकवल्या होत्या की, ती झोपेतही त्याचं वर्णन करू शकली असती.

“तुला काय विचारायचं! कधीपासून येतेस, तेवढं सांग.”

‘उद्यापासून’ हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तिने तो गिळला. खोट्याच्या जोरावर मिळालेली नोकरी रोज अंगावर वागवायची, हे तिला जमण्यातलं नव्हतं.

“साहेब, स्वेटर भावाचा आहे. मी दुसऱ्या कॉलेजची.” तिने नाव सांगितलं. ते साहेबांनी कधी ऐकलेलं नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले. दारापाशीच एवढा बर्फ का जमलाय? तिने वाकून दाराच्या कडेवरून हात फिरवला. रबर खालून फाटलंय, बाहेरची दमट हवा आत येतेय, ती म्हणाली. इथला पंखा थांबला तर? माल जास्त भरला तर? ती सांगत गेली. बोटं बधिर झाली होती, पण एकाही उत्तराला ती अडली नाही. शेवटी साहेबच कुडकुडत बाहेर आले.

“हुशार आहेस,” हात चोळत ते म्हणाले. ते मनापासून म्हणत होते, हेच वाईट. “भाऊ काय करतो सध्या?”

“घरीच आहे.”

“मग त्याला पाठव ना उद्या!”

ती घरी पोचली तेव्हा भाऊ पलंगावर लोळत होता. तिने निरोप जसाच्या तसा सांगितला. आईचा चेहरा आधी उजळला, मग लेकीकडे बघून पडला. भाऊ मात्र उठून बसला. आपल्या कॉलेजचा साहेब म्हटल्यावर ही नोकरी त्याला शोभणारी वाटली.

“पण आत विचारतात काय गं? थोडं वाचून ठेवतो. तू सांग ना मला सगळं.”

धाकटीला संताप आला होता, रडूही येत होतं. तिने स्वेटर काढला, नीट घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

“तुला काही नाही विचारणार दादा,” ती म्हणाली. “एवढा घालून जा.”