डावीकडे सहा बोटं

"बांबूच खराब निंगाला," मनोहरलाल म्हणाला आणि त्यानं सातवा तीर तणसाच्या गठ्ठ्यातून उपटून काढला.

गठ्ठ्यावर चुन्याचा ठिपका होता. सातही तीर त्याच्या डावीकडे सहा बोटांवर, एकमेकांना खेटून घुसले होते. मनोहरलालचं दवनीवाड्यात मोटर वाइंडिंगचं दुकान. बिघाड शोधणं हाच धंदा, म्हणून त्यानं हिशोब मांडला. हात चुकत असता तर तीर विखुरले असते. ते विखुरलेले नाहीत, म्हणजे हात बरोबर. बिघाड मालात.

मागे वांग्याच्या वाफ्यात जमुना, त्याची बायको, गवत उपटत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवताला हात घातला.

त्यानं तिथूनच आश्रमशाळेच्या ओमेश्वर मास्तरला फोन लावला. नवे तीर आता कोण करत बसतो; धनुष्य पोरांसाठी पाहिजे होतं ना, रविवारी येऊन घेऊन जा. पस्तीस वर्षांपूर्वी धामणीच्या लाकडाचं, धान उकडायच्या हंड्यातल्या वाफेवर टोकं पुढे वळवून त्यानं ते स्वतः केलं होतं. मास्तर दोन वर्षांपासून मागत होता.

फोन ठेवल्यावर त्यानं आणखी एक तीर मारला.

डावीकडे, सात बोटं

रविवार. तलावाच्या पाळीखाली मनोहरलाल, जमुना आणि मास्तर अशी तिघं उभी होती. मनोहरलालनं मास्तरला बजावलं की धनुष्य न्या, पण हे बारा तीर पोरांच्या हाती देऊ नका, ते आडमुठे झालेत. पाहिजे तर मोबाइलमध्ये घ्या, हळू चालणाऱ्या व्हिडिओत. तीर कसा बिघडलाय ते दिसेल.

मास्तर पाच पावलं बाजूला जाऊन बसला. मनोहरलालनं दोरी ओढली.

मग तिघांनी हाताची सावली करून मोबाइलच्या काचेत पाहिलं.

दोरी सुटली.

तीर निघाला नाही. आधी वाकला.

मागचं टोक पळायला लागलं होतं, पुढच्याला अजून खबर नव्हती, आणि मधला बांबू पोटातून बाहेर आला. बांबू! ज्याला तो काचेवर लोळवून, निखाऱ्यावर शेकून, सरळ सरळ करत आला होता.

मग उलटा वाकला.

धनुष्याला वळसा घालून, पिसं लाकडाला जेमतेम घासत, पाण्यातल्या सापासारखा तो अंग हलवत गेला. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. प्रत्येक वेळी थोडं कमी. आणि मग हवेतच, कुणी हात न लावता, सरळ.

"पुन्हा लावा," मनोहरलाल म्हणाला.

त्यानं पाच वेळा पाहिलं. तीर जरा लवता लागतो हे त्याच्या बोटांना तरुणपणापासून माहीत होतं. डोळ्यांना आज कळलं. आपला तीर सरळ जातो, असं तो पस्तीस वर्षं चारचौघांत सांगत आला होता. एकही सरळ गेला नव्हता. सगळे नाचत गेले होते, त्याच्या नाकासमोरून, आणि त्याला कधी दिसलं नव्हतं. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

सहाव्या वेळी जमुना बोलली.

"तीर कायले पायता जी? कोपर पाहा."

मास्तरनं व्हिडिओ थांबवला. काचेत एक म्हातारा माणूस होता. अंगठा कानाच्या पाळीला लागायला हवा होता. तो हनुवटीपाशीच थांबला होता.

आषाढात बोअरचा पाइप वर काढताना साखळी सटकली होती आणि त्याचा खांदा उतरला होता. हाड बसवून घेतल्यावर तो महिन्याभरात बरा झाला, असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं.

"तू कवापासून पाहून राहिली?"

"पोळ्यापासून."

"सांगतलं काऊन नाई?"

"तुमी बांबूले शिव्या देऊन राहिले होते. म्हटलं, देऊ द्या. बांबूले काय लागते."

मास्तर हसणार होता, हसला नाही. धनुष्य आज नको, पुढच्या रविवारी बघू, असं काहीतरी पुटपुटत त्यानं गाडीला किक मारली.

भिंत

दुकानाच्या भिंतीत एका उंचीवर दोन खिळे आहेत. तीर त्यांच्यावर आडवा ठेवायचा, मधोमध जुन्या मोटरची बेअरिंग लटकवायची आणि बांबू किती झुकतो ते पाहायचं. मागे पेन्सिलची एक रेघ आहे, आणि रेघेपुढे लिहिलंय: माझा.

रेघेपर्यंत झुकला तो तीर ठेवायचा. खाली गेला तर लेचा, फेकायचा.

सोमवारी त्यानं बारा तीर पुन्हा तपासले. बाराही रेघेवर. कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. त्याची ओढ कमी झाली होती. तेवढ्या ओढीत हे बांबू पुरेसे वाकत नव्हते, वळसा पुरता घालत नव्हते. लाकडाला घासून डावीकडे जात होते.

आता लेचा बांबू पाहिजे होता. सगळी हयात त्यानं तो फेकण्यात घालवली होती.

चूल

दुपारी तो जेवायला बसला. भाताचा घास हातात राहिला आणि नजर वर गेली. चुलीवर तारेनं बांधलेल्या काड्यांवर मिरच्यांच्या माळा लटकत होत्या.

"ह्या काड्या कुठच्या वो?"

"तुमच्याच. लेचे म्हणून फेकत होते ते."

तो उठला, घास ताटात तसाच. अकरा काड्या होत्या, धुरानं मोहाच्या बीसारख्या तपकिरी झालेल्या, काही त्याच्या लग्नाच्या आसपासच्या. एकीलाही कीड नव्हती. जमुनानं मिरच्या सुपात उतरवल्या. इतकी वर्षं काय सांभाळून ठेवत होती, असं त्यानं विचारलं. मिरच्या, ती म्हणाली.

काचेवर लोळवल्या. चार सरळ निघाल्या.

खिळ्यांवर ठेवल्या. चारही रेघेखाली झुकल्या, बोटभर आणि थोड्या जास्त.

उजवीकडे, चार बोटं

तीन काड्यांना त्यानं बदकाची पिसं चिकटवली, एकाच बाजूच्या पंखातली. चौथी मुद्दाम बिनपिसाची ठेवली. पिसं तिरपा गेलेला तीर हवेत सावरून घेतात आणि चूक झाकतात. बिनपिसाचा तीर काही झाकत नाही.

तो उजवीकडे चार बोटांवर लागला. फार लेचा. म्हणजे आखूड करायचा. आणि एकदा कापलेला बांबू वाढत नाही. चारच होत्या.

मंगळवारी चारही काड्यांचं अर्धं बोट कापलं. उजवीकडे तीन.

बुधवारी अर्धं. उजवीकडे दोन.

गुरुवारी करवत हातात घेतली आणि ठेवून दिली.

शुक्रवारी पाव बोट. एक.

शनिवारी त्यानं टोकं पॉलिश पेपरवर नुसती घासली, मारून पाहिलं नाही. रविवारीच पाहू, म्हणाला. जमुनाला कळलं की तो घाबरलाय. ती वाफ्याकडे निघून गेली.

मधे

मास्तर आला. या वेळी त्यानं मोबाइल काढला नाही.

मनोहरलाल पंचवीस पावलांच्या दगडापाशी उभा राहिला. मग कुणी काही म्हणायच्या आत पुढे चालू लागला, मोजत. सात पावलं. तिथं त्यानं चपलेनं नवी रेघ ओढली.

पहिला तीर पिसांचा. चुन्याच्या ठिपक्यात.

दुसरा बिनपिसाचा. दोरी हनुवटीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. त्यानं ती कानापर्यंत ओढायचा हट्ट केला नाही.

काहीच दिसलं नाही, नेहमीसारखंच. पण आता तिघांनाही ठाऊक होतं की तिथं काय चाललंय. अठरा पावलांच्या त्या हवेत एक नागडी काडी वाकत, सावरत, नाचत चालली होती.

ठप्प.

जवळ जाऊन पाहिलं तर दोन्ही तीर ठिपक्यात शेजारी शेजारी घुसले होते. मधे पिसाएवढी जागा.

मास्तरनं हळूच बोट लावलं, देवाला लावावं तसं. मग तोच म्हणाला, "काका, धनुष्य तुमच्याकडेच राहू द्या. मी पोरायले घेऊन येतो. त्याईले हे पाहू द्या."

जमुना वाफ्यातून आली, पाहिलं आणि म्हणाली, "माह्या मिरच्या खालीच पडून आहेत."

घरी आल्यावर मनोहरलालनं जुने बारा तीर काढले. ब्लेडनं एकेकाची पिसं सोलली, लोखंडी टोकं गरम करून ओढली. टोकं डब्यात ठेवली, पिसं चुलीत टाकली. मग पाटावर चढून, उजवा खांदा जपत, बाराही बांबू चुलीवरच्या तारेत अडकवले आणि मिरच्यांच्या माळा एकेक करून त्यांच्यावर लावल्या.

खाली उतरून त्यानं पाहिलं. एवढं वजन होतं, पण एकही वाकला नव्हता.