वरची ओळ

पिठाच्या डब्यावर ठेवलेला मोबाइल थरथरला आणि डब्याचं झाकण कडकडकड वाजलं. दुपारची शांतता फुटली. राजेश्वरीनं झडप घालून मोबाइल उचलला, पण आधी पाहिलं ते चटईकडं. कृती झोपलेली होती. सहा वर्षांची पोर शाळेतून आली ती दप्तराचा पट्टा मुठीत धरूनच आडवी झाली होती. हललीसुद्धा नाही.

ही घटका राजेश्वरीनं देवाकडून उसनी आणल्यासारखी आणली होती. सासूबाई हळदीकुंकवाला, नवरा डेअरीवर, पोरगी झोपेत. काटेवाडीतल्या आपल्या स्वयंपाकघरात, ओट्याशी स्टूल ओढून, ती उद्याचं भाषण लिहीत होती. बारामतीतल्या एका डिझाइन कॉलेजनं तिला बोलावलं होतं. अनुभवी डिझायनरांनी विद्यार्थ्यांना वाट दाखवायची, असा कार्यक्रम होता. पुण्यात आठ वर्षं पॅकेजिंगचं काम केलेली आणि आता घरी बसून गुळाची, बेदाण्याची पाकिटं करून देणारी राजेश्वरी अनुभवी ठरली होती. भाषण बरं झालं तर आठवड्यातून दोन दिवस शिकवायलाही बोलावू, असं प्राचार्य म्हणाले होते. त्या दोन दिवसांसाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. पहिलं वाक्य तर जमलं होतं: 'मोठ्यांचं ऐका, अनुभवाला पर्याय नाही.'

फोन अनिसाचा होता. इंदापूरच्या बाबूलालचाचांची मुलगी. चाचांचं फ्लेक्सचं दुकान. कॉलेजात असताना सुट्टीत राजेश्वरी तिथंच माऊस धरायला शिकली होती. आता अनिसा त्याच बारामतीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, आणि केलेलं प्रत्येक काम आधी राजेश्वरीताईला पाठवायची.

"ताई," आवाज दबका होता, तोंडावर ओढणी धरून बोलल्यासारखा, "तुमी कुणाला काय बोलू नका. एवढंच सांगाय फोन केला."

"काय झालं गं?"

"माऊलीतात्यांना ज्योत लागली."

क्षणभर राजेश्वरीला काही उमजेना. मग उमजलं.

वाढदिवसाच्या फ्लेक्सची या भागात एक रीत आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मधोमध वाढदिवसवाला, गॉगल लावून. खाली गोल चौकटींत शुभेच्छुक, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणं. आणि वरच्या ओळीत घरातली गेलेली माणसं. त्या ओळीच्या चौकटीलाच ज्योत जोडलेली असते. फोटो आत ठेवला की ज्योत आपोआप डोक्याशी येते. जिवंत माणूस त्या ओळीत जात नाही.

काल संध्याकाळी अनिसानं निरवांगीच्या राजवर्धनच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पाठवला होता. राजेश्वरी तेव्हा एका हातानं कृतीला वरणभात भरवत होती आणि दुसऱ्या हातात मोबाइल होता. तिनं बोलून निरोप पाठवला: "खालची रांग दाटलीय गं. तो काळा-पांढरा फोटो रंगीत फोटोंमध्ये डाग पडल्यासारखा दिसतोय. त्याला वर घे, दुसऱ्या काळ्या-पांढऱ्याच्या शेजारी. जोडी छान दिसेल."

अनिसानं विचारलं होतं: 'वर? नक्की ना ताई?'

राजेश्वरीनं अंगठा पाठवला होता.

तिनं माणूस पाहिलाच नव्हता. एक करडा गोल पाहिला होता. कोऱ्हाळ्यात जन्मलेली, असे शंभर फ्लेक्स बघत शाळेत गेलेली ती. आणि तिनं राजवर्धनच्या घरातल्या धडधाकट माऊलीतात्यांना त्यांच्या गेलेल्या भावाशेजारी, भीमाआबांशेजारी नेऊन बसवलं होतं.

"गिऱ्हाइकानं बघितला नव्हता का छापायच्या आधी?"

"समद्यांनी बघितला. ज्यानं त्यानं आपलाच फोटो मोठा करून बघितला." अनिसाचा आवाज फुटला. "सकाळी चौकात लावला. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. तात्यांची बहीण कोऱ्हाळ्याला असती, रंगूबाई. ती रडत ओरडत एसटीत बसली, निरवांगीला पोचली तर तात्या भाकरी खात बसलेले. राजवर्धन पोरं घिऊन दुकानात आलाय. आन् अब्बा म्हणले, आजपासनं कॉलेज बंद. उद्यापासनं गल्ल्यावर बसायचं, संगणकाला हात लावायचा न्हाय."

"तू सांगितलं नाहीस, मी सांगितलं होतं म्हणून?"

"तुमचं नाव न्हाय घेतलं मी. तुमीबी घेऊ नका. उद्या तुमचं भाषण हाय. अब्बांचं डोस्कं थंड हुईल..." फोन कट झाला.

राजेश्वरी लॅपटॉपवरच्या त्या एका वाक्याकडं बघत राहिली. गप्प बसलं तर कुणालाही कळणार नव्हतं. पोरगी नाव घेणार नव्हती. उद्या भाषण, मग दोन दिवसांचं शिकवणं. आणि वर्गात एक बाक रिकामा.

तिनं कृतीला हलवलं. "ऊठ बाळा. स्कूटीवर जायचंय."

"कुठं?"

"इंदापूरला."

"आत्ता? आजी कुठाय?"

"चल तर खरी."

भवानीनगरपासून रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एकीला ओलांडावं तर पुढं दुसरी. कृती पुढं उभी, दोन्ही हात आरशांच्या दांड्यांना. लासुर्ण्यापर्यंत राजेश्वरी मनात वाक्यं जुळवत होती. जंक्शन गावाच्या पुढं ती सगळी विस्कटली.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर चार-पाच मोटारसायकली. वाकून आत गेली तर शाईच्या वासात माणसं दाटलेली. राजवर्धन टेबलावर मुठी टेकून उभा. बाबूलालचाचा हात जोडून. कोपऱ्यात अनिसा, डोळे सुजलेले. आणि पंख्याखालच्या खुर्चीत, काठीवर हनुवटी ठेवून, स्वतः माऊलीतात्या.

"राजी?" चाचा गोंधळले. "तू कशाला आलीस एवढ्या लांब? लेकराला घिऊन?"

"ताई, तुमी मधी पडू नका," राजवर्धन म्हणाला. "आमच्या घरात सकाळधरनं फोन वाजत्यात. दोन पाव्हणं तर हार घिऊन आलं! माझा वाढदिवस हाय का दहावा?"

मागच्या एका पोराला हसू आवरलं नाही. राजवर्धननं वळून बघितलं तसा तो शटरखालून बाहेर गेला.

"चाचा," राजेश्वरी म्हणाली. "तात्यांना वर घ्यायला मी सांगितलं होतं."

"ताई!" अनिसा ओरडलीच.

"तिनं बरोबर खाली ठेवलं होतं. मला ते खाली दिसायला बरं वाटेना. मी म्हटलं, वर घे."

बाबूलालचाचांनी जोडलेले हात हळूहळू सोडले. ते रागावतील, असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग तर झालंच की," ते शांतपणे म्हणाले. "तू पुण्याला शिकलीस. आठ वर्सं मोठ्या हाफिसात काम केलंस. आन् तुला ज्योत दिसली न्हाय. मग ह्या पोरीला मी अजून शिकवून काय करू? आज हिला ज्योत दिसती. शिकली की तीबी दिसायची बंद हुईल."

राजेश्वरीला वाटलं होतं, खरं बोललं की पोरगी सुटेल. झालं उलटंच. खरं बोलून तिनं दार आणखी घट्ट लावलं होतं. कृतीनं तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"तिला दिसली होती, चाचा." तिनं मोबाइल काढून त्यांच्यापुढं धरला. "हे बघा. 'वर? नक्की ना ताई?' तिनं विचारलं. मी नुसता अंगठा पाठवला."

चाचांनी चष्मा कपाळावरून खाली ओढून वाचलं. मग अनिसाकडं वळले. "कळलं हुतं तर का केलंस?"

"ताई म्हणल्या म्हणून."

"ताई म्हणल्या म्हणून! बाप रोज म्हणतो, पोरी येळंवर जेव, ते ऐकत न्हाईस. आन् ताईनं अंगठा दावला की जित्या माणसाला ज्योत लावतीस?"

अनिसानं मान खाली घातली.

"तिचं हेच शिकायचं राहिलंय," राजेश्वरी घाईनं म्हणाली. "समोर कुणी का असेना, न्हाय म्हणायचं. हितं गल्ल्यावर बसून ती गिऱ्हाइकाला व्हय म्हणंल, तुमाला व्हय म्हणंल, मला व्हय म्हणंल. तिथं वर्गात पोरांशी भांडावं लागतं, सरांशी भांडावं लागतं. असंच का, ते सांगावं लागतं. ते मधीच तोडू नका."

"बोलाय सोपं हाय," चाचा म्हणाले.

"झालं का तुमचं?" खुर्चीतून आवाज आला. सगळे वळले. तात्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "मग माझं ऐका. त्यो फ्लेक्स उतरवाल तवा वरचा तुकडा मला कापून द्या. माझा आन् भीमाचा."

"तात्या, कशाला ते अशुभ घरात?" राजवर्धन म्हणाला.

"गप रे. भीमा आन् मी एका फोटूत कधी बसलोच न्हाय. जत्रंत फोटूवाला यायचा. ह्या वर्सी बसू, फुडल्या वर्सी बसू म्हणत ऱ्हायलो." ते थोडं थांबले. "सकाळी चौकात हुबा राहून बघितलं. बरं दिसत हुतो दोगं. तेवढी ज्योत मात्र काडा माझ्या डोक्यावरची. आन् रंगीला म्हणावं, मला जेवताना बघून जो रट्टा घातलास, त्यो माघारी घे."

राजवर्धनच्या मुठी टेबलावरून निघाल्या. हसावं की रागवावं हे न कळून त्यानं गॉगल काढून शर्टला पुसला.

"कापलेलं कशाला, तात्या," अनिसा म्हणाली. "नवीन करून देते. तुमचा दोगांचा." तिनं बापाकडं बघितलं. संगणकाला हात लावायचा न्हाय, हे त्यांनी आजच बजावलं होतं. चाचा संगणकापुढच्या खुर्चीपासून बाजूला झाले.

अनिसानं दोन्ही फोटो रिकाम्या पांढऱ्यावर घेतले. ज्योत भीमाआबांच्या बाजूला ठेवली. तात्यांचा करडेपणा उजळवला, मिशीचे केस दिसेपर्यंत. तात्या उठून मागं येऊन उभे राहिले. राजेश्वरीही वाकली. तिचे डोळे सवयीनं अंतर मोजत होते.

"मधली जागा जरा कमी कर," तिच्या तोंडून निघालंच. "दोघं तुटल्यासारखे दिसतायत."

अनिसाचा हात माऊसवर थांबला.

कालही असाच थांबला असणार, राजेश्वरीला वाटलं. चाचा बघत होते.

"न्हाय ताई." अनिसानं वर न बघताच सांगितलं. "मधी जागा पायजे. एक गेल्यात, एक हाईत. चिकटवलं तर पुन्ना तसंच वाटंल."

राजेश्वरी सरळ झाली. तात्या मान हलवत म्हणाले, "व्हय. हेच ऱ्हाऊ दे."

छापायचं मशीन सुरू झालं. त्या घरघरीत बाबूलालचाचा राजेश्वरीजवळ आले. "उद्या किती वाजता हाय तुझं भाषण?"

"अकराला."

"मी येतो. मागं बसतो. आज काय झालं ते समद्या पोरांफुडं सांगशील? ही गल्लीच्या गप्पांत हसण्यावारी न्यायची गोष्ट न्हाय. ज्योत, अंगठा, समदं. मास्तरांफुडंबी."

प्राचार्य पहिल्या रांगेत बसणार होते. दोन दिवस, आठवड्यातले दोन दिवस तिच्या डोळ्यांपुढून गेले.

"सांगते," ती म्हणाली.

"मग पोरगी ऱ्हाईल कॉलेजात." ते शटर वर ढकलायला गेले. जाताजाता म्हणाले, "न्हाय सांगितलंस तर कळंलच, मी मागं बसलेला असणार हाय."

परतताना ऊन कलतं झालं होतं. सणसरजवळ पुन्हा ट्रॉल्यांनी अडवलं. एक ट्रॅक्टर रस्त्यात आडवा लागलेला. राजेश्वरीनं पाय टेकून स्कूटी उभी केली. भाषणाचं पहिलं वाक्य, 'मोठ्यांचं ऐका', खोडावं लागणार होतं. त्याच्या जागी काय लिहायचं, ते अजून सुचत नव्हतं. पुढं उभी असलेली कृती उसाच्या मोळ्या बघत होती.

"आई, अनिसाताईला माहीत होतं ना?"

"हो."

"तरी तिनं तुझं ऐकलं."

"हो गं. चूक माझी होती."

कृतीनं मान मागं टाकून, उलट्या डोळ्यांनी आईच्या तोंडाकडं बघितलं. ट्रॅक्टर सुरू झाला, पुढच्या गाड्या हलल्या, मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. राजेश्वरीचा पाय रस्त्यावरच होता.

"मी तर तुझं रोज ऐकते," कृती म्हणाली. "मग मी कधी ऐकायचं आन् कधी न्हाय?"