शेवटच्या रांगेमागे

"मोठा नको. एखादा छोटा स्पीकर असला तरी चालेल," शिवणवाल्या ताई म्हणाल्या. त्यांचा घसा असा बसला होता, की हॅलोकाकांना काउंटरवरून पुढे वाकावं लागलं.

हॅलोकाका म्हणजे नाक्यावरचे स्पीकरवाले. कार्यक्रम कुणाचाही असो, आधी माइकवर टिचकी मारून "हॅलो, हॅलो" म्हणण्यात त्यांचा जन्म गेला. गल्लीनं तेच नाव पाडलं. खऱ्या नावानं हाक मारणारी एक बायको होती, ती गेली.

"सगळे बिघडलेत, ताई," ते म्हणाले. त्यांच्या मागच्या फळीवर धडधाकट स्पीकर ओळीनं बसले होते.

ताईंनी फळीकडे पाहिलं, पण वाद घातला नाही. "रविवारी चार माणसं बोलावलीत घरी. त्याच्याबद्दल थोडं बोलावं म्हणते. पोलिसांनी परस्पर उरकलं ना सगळं, मला तोंड उघडू दिलं नाही. आता बोलायचं म्हणते, तर आवाजच उरला नाही. बघा कसं असतं."

त्यांचा मुलगा विरोधी पक्षाचं काम करायचा. भिंतींवर पोस्टरं चिकटवणं, मोर्चात पुढे चालणं, असलं. अशाच एका मोर्चातून त्याला उचललं आणि तिसऱ्या दिवशी ताईंना प्रेत पाहायला बोलावलं. जिन्यावरून पडला, असं ठाण्यानं सांगितलं. ठाणं बैठं आहे. तिथे जिना नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि सगळ्या गल्लीनं कानांवर हात ठेवले होते.

काकांकडे तर घाबरायला कारण होतं. गेल्या साली याच पक्षाच्या सभेला त्यांनी भोंगे दिले होते. पोलिसांनी आधी पोरांना आडवं होईपर्यंत बडवलं, मग भोंगे फोडले. "साहेब, मी नुसता भाड्यानं..." एवढंच काका बोलले आणि साहेबानं त्यांच्या कानाखाली जाळ काढला. डावा कान गेला तो गेलाच. उजवाही जेमतेम. तेव्हापासून लग्नं आणि शाळांची संमेलनं, बाकी ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. परगावच्या लेकीचे फोनही कमी झाले. त्यांना ऐकू जावं म्हणून तिला ओरडावं लागे, आणि ओरडून मायेचं बोलता येत नाही.

रविवारी दुपारी दुकानातून समोरच्या माडीवरची ताईंची खोली दिसत होती. त्या शिलाई मशीन भिंतीकडे ढकलून एकट्याच खुर्च्या मांडत होत्या. काकांना भीती वाटत होती आणि स्वतःची लाजही. बराच वेळ मनात या दोघींचं भांडण चाललं. शेवटी त्यांनी फळीवरचा एक स्पीकर खांद्यावर घेतला, माइक काखेत मारला आणि रस्ता ओलांडला.

"दुरुस्त झाला वाटतं," ताई म्हणाल्या. काका वायर जोडायला लागले.

बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ताईंची बहीण आली, शाळेतले जुने मास्तर आले आणि मुलाचे दोन मित्र. एकाचा हात प्लास्टरमध्ये होता.

काकांची कामाची एक रीत होती. शेवटच्या रांगेमागे उभं राहायचं आणि बोलणं सहज कानी पडेपर्यंत बटण फिरवायचं. कान गेला तरी सवय राहिली होती. ताईंचे ओठ हलू लागले. काकांना काही ऐकू येईना. त्यांनी बटण फिरवलं. नुसती घरघर आली. आणखी फिरवलं. मास्तरांनी छातीवर हात ठेवला, तेव्हा त्यांना भरून आलं असेल, असं काकांना वाटलं. प्लास्टरवाल्या मुलानं मागे वळून आवाज कमी करायची खूण केली. मग त्याची नजर खिडकीबाहेर गेली आणि त्यानं हात खाली घेतला.

काका खिडकीशी गेले. खाली रस्ता थांबला होता. बसवाल्यानं इंजिन बंद केलं होतं. रविवारी काम निघालं म्हणून जे जे आले नव्हते, ते सगळे माना वर करून उभे होते. नाक्यापलीकडे ठाण्याच्या दारातही माणसं आली होती.

तेव्हा काकांना कळलं, आपण काय करून बसलोय. हात बटणाकडे गेला. क्षणभर थांबला. मग त्यांनी तो खिशात घातला.

पोलीस आले ते थेट वायर उपटायलाच. एकानं काकांना काहीतरी विचारलं आणि हात उगारला. पण जिन्यात माणसं दाटली होती, म्हणून तो खाली घेतला. ओठांवरून काकांना "उद्या ये" एवढंच उमगलं. स्पीकर घेऊन पोलीस गेले. पाहुणेही एकेक करून पांगले. मित्रांना मास्तरांनी मागच्या दारानं नेलं.

ताई खुर्च्या एकात एक घालू लागल्या. काका तिथेच उभे होते.

"जा आता, दादा," ताई म्हणाल्या. त्यांना ऐकू गेलं नाही हे पाहून त्यांनी हातानं सांगितलं.

"जातो. पण ताई," काका म्हणाले, "सगळ्या गल्लीनं ऐकलं. मीच तेवढा राहिलो. मला परत सांगाल?"

ताईंनी एक खुर्ची परत काढून काकांना बसवलं आणि दुसरी त्यांच्या उजव्या बाजूला अगदी लागून ठेवली.

"लहानपणी तो चपला उलट्या घालायचा," त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.