नळीचं दुसरं टोक

नवा कायदा येणार अशी बातमी आली त्या मंगळवारी आमच्या बंदुकीची नळी दोन हात वाढली. सकाळी मी पाहिलं तेव्हा ती भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर नेहमीसारखी होती. दुपारी तालुक्याहून काडतुसांच्या दोन पेट्या घेऊन आलो, तर तिचं तोंड खिडकीबाहेर आलं होतं. परवान्यावर नळी तीस इंच लिहिली आहे. मी टेप लावली, सहासष्ट भरली.

बंदूक आमच्या वडिलांची. बारा बोअरची, एकनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. वडील गेले आणि परवाना माझ्या नावावर झाला, कृष्णात बाबू रेडेकर, मुक्काम कोरजवाडी. आमचं गाव जंगलाला खेटून आहे आणि गावात रताळी होतात. रानडुकरांना रताळं कुठे आहे हे आमच्या आधी कळतं. म्हणून पहाटे हवेत एक बार काढायचा, डुकरं माघारी जातात. वडिलांनी चाळीस वर्षांत त्या बंदुकीने एक चिमणी मारली नाही, पण वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत त्यांना 'बारवाले बाबू' म्हणत. मला अजून कुणी काही म्हणत नव्हतं, आणि याचं मला वाईट वाटायचं. ते लपवण्यात अर्थ नाही.

गावात सात बंदुका होत्या. कायदा एकानेही पाहिला नव्हता, पण पाठ सगळ्यांना होता. कुणी म्हणे तीन घरांत मिळून एक बंदूक राहणार. कुणी म्हणे काडतुसं कायमची बंद. निवृत्ती सावऱ्याचा मेहुणा कचेरीच्या समोर चहाची गाडी लावतो, त्यामुळे निवृत्ती सांगेल ते पक्कं धरायचं. तो म्हणाला, जे घ्यायचं ते आत्ताच घ्या. सातही जण एकाच एसटीने फ्रान्सिस बारदेस्करच्या दुकानात गेलो. दोन वर्षांत ज्यांनी एक पेटी संपवली नव्हती ते तीन-तीन मागू लागले. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं मिळतील तो आकडा असतो. त्या आठवड्यात तो आकडा रोज सकाळी वाढलेला दिसायचा, त्यामुळे बारदेस्करला नाही म्हणता येईना.

नळीचं गणित मी बुधवारी तपासलं. एक पेटी शेजारी नेऊन ठेवली, नळी हातभर मागे आली. परत आणली, हातभर पुढे गेली. म्हणजे पेटीला एक हात, असा सरळ हिशोब होता. बार काढला तर तेवढी आत येणार, हेही उघड होतं. त्यामुळे बार काढायचं सगळ्यांनीच बंद केलं. जी वस्तू उद्या मिळणार नाही ती आज हवेत कोण उडवील?

गुरुवारी निवृत्तीची नळी त्याच्या परसातल्या फणसाला लागली. माझी तोवर गोठ्यापर्यंतच पोचली होती. मला रात्री जेवण गेलं नाही. शुक्रवारी पहिल्या गाडीने गेलो आणि चार पेट्या आणल्या, शनिवारी नऊ. पेटीला एक हात हा हिशोब नळीला आता पुरेना. आमची नळी अंगणातून निघाली, बांध ओलांडून ओढ्यावर गेली आणि पुलाच्या कठड्याला धरून पलीकडे उतरली. मी तिला जागोजागी बेचकी लावली. जिथे बेचकं मिळालं नाही तिथे लोकांनी आपणहून खांदा दिला. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक म्हणतात ती हीच, असं म्हणून वरच्या आळीच्या बायका हसल्या. हसू देत. लांबी मोजायला रोज माणसं येत होती आणि निवृत्तीच्या फणसाकडे कुणी फिरकत नव्हतं.

माझी बायको आक्काताई नळीवर धुणं वाळत घालायची. तिचं नळीशी काही वाकडं नव्हतं. पण शनिवारी ती टोपलीभर रताळी घेऊन आली आणि माझ्यापुढे ओतली. सगळी अर्धी खाल्लेली. डुकरं आता दिवसाढवळ्या वावरात उभी राहतात, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघायचं काय, एक बार काढा. मी तिला समजावलं की एक बार काढला तर बोटभर नळी कमी होते. तिने माझ्या बनियनचा पाठीवर फाटलेला भाग निळ्या दोऱ्याने शिवायला घेतला. पांढरा दोरा संपला होता. बनियन माझ्या अंगातच होतं.

रविवारी मी शेवटचा गेलो तेव्हा बारदेस्करचं दुकान नव्हतं. पेट्या संपल्यावर लोकांनी रिकामी खोकी नेली होती, मग फळ्या, मग भिंती. बारदेस्कर मोकळ्या जागेत स्टुलावर बसला होता. स्टूलही विकलेलं होतं, पण घेणाऱ्याने संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती. त्याने पायाशी ठेवलेल्या दोन पेट्या माझ्याकडे सरकवल्या.

"बाबूंसाठी ठेवल्या होत्या," तो म्हणाला.

"बाबू जाऊन अकरा वर्षं झाली."

"म्हणून तर राहिल्या."

त्याच दिवशी हुकूम आला. ज्या बंदुकीची लांबी परवान्याशी जुळत नाही ती सोमवारी पाच वाजेपर्यंत तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा करावी. एकदा जमा झालेली परत मिळेल की नाही ते हुकमात नव्हतं. वडिलांची बंदूक घराबाहेर जाणार आणि मी बारवाल्या बाबूंचा नुसता मुलगा उरणार, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. पेट्या टाकून दिल्या असत्या तर नळी जुळली असती. हे सातही जणांना कळत होतं आणि एकानेही पेटी टाकली नाही.

सोमवारी सहा बंदुका निघाल्या. एकेका बंदुकीला पंधरा-वीस माणसं, खांद्यावर घेऊन. मारुतीच्या देवळापाशी रस्ता वळतो, तिथे लांब नळ्या वळेनात. निवृत्तीची दोन घरांच्या मधे अडकली आणि मागच्यांना तासभर थांबावं लागलं. संध्याकाळी सगळे मोकळे खांदे घेऊन परत आले आणि आपापल्या घरी गेले.

मी गेलो नाही. माझी बंदूक आपली आपण गेली होती. बाबूंसाठीच्या त्या दोन पेट्या मी सोमवारी सकाळी माजघरात ठेवल्या आणि नळी शेवटचे दोन हात पुढे सरकली. साडेचारला तिचं तोंड ठाण्याच्या दारातून आत शिरलं, टेबलाच्या कडेला टेकलं आणि थांबलं. मी घरी बंदुकीचा लाकडी दस्ता मांडीवर घेऊन बसलो होतो. बंदूक उघडून आत डोळा लावला. नळी वाटेत तीन मोठी वळणं घेऊन गेली होती, पण आतून सरळ होती. पार टोकाला उजेडाचा एक गोल होता आणि त्यात ठाण्यातल्या साहेबांची मिशी दिसत होती.

"कोण आहे?" मिशी म्हणाली. आवाज अगदी शेजारून आल्यासारखा स्पष्ट होता.

"कृष्णात रेडेकर, कोरजवाडी. बंदूक जमा करायला आलोय, साहेब."

"तुम्ही कुठे आहात?"

"घरात."

साहेबांनी नळीला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "दस्ता दिसत नाही."

"हुकूम लांबीचा हाय साहेब. जेवढी लांबी जास्त, तेवढी समदी तुमच्याकडंच हाय. हितं नुसतं लाकूड ऱ्हायलंय."

तिकडे कागद उलटण्याचा आवाज आला. बराच वेळ आला. पाचला दोन मिनिटं कमी असताना साहेब म्हणाले की हुकमात दस्त्याचा उल्लेख नाही, बंदूक जमा झाली. मात्र दस्ता जमा नसल्यामुळे तो ज्याच्या नावावर आहे त्याने हातातून सोडू नये. सोडला तर बेवारस मानला जाईल. मी कबूल केलं. त्यांनी पावती गुंडाळून नळीत घातली आणि फुंकर मारली. ती बुधवारी माझ्या मांडीवर पडली, अजून कोमट होती.

मला जन्मात झाला नव्हता एवढा आनंद झाला. बंदूक जमाही होती आणि घरातही होती. पंचक्रोशीत असं कुणाला जमलं नव्हतं. लोक गुलाल घेऊन आले. दस्ता सोडता येत नव्हता म्हणून त्यांनी मला बसल्या जागी गुलाल लावला, बसल्या जागी फेटा बांधला. निवृत्ती सावरेही आला. दाराशी उभा राहून म्हणाला, "बाबूच्या वरताण निघालास गा तू." हे ऐकायला मी अकरा वर्षं थांबलो होतो.

जाताना त्याने बारा पेट्या ओसरीवर ठेवल्या. बंदूक नसताना काडतुसं बाळगणं हा गुन्हा, आणि गावात बंदूक असलेलं घर आता आमचं एकच. त्याच्यामागून बाकीचे पाच जण आले. मग शेजारच्या गावांतले आले. मी कुणाला नाही म्हटलं नाही, कारण प्रत्येक जण ठेवताना हात जोडत होता. पेट्या ओसरीवरून माजघरात आल्या, माजघरातून छपराला लागल्या. आक्काताईने चुलीपासून मागच्या दारापर्यंत जाण्यापुरती एक बोळकांडी राखली. माझ्याभोवती बसण्याएवढी जागा राहिली, पाय मात्र पोटाशी घ्यावे लागले.

नळी अर्थातच पुढे गेली. ठाण्याच्या मागच्या खिडकीतून बाहेर पडली आणि घाट उतरली. रोज कुठून तरी निरोप येत होते. कुठल्याशा गावच्या सरपंचांनी नळीला हार घातला होता. एका बाजारात तिच्या सावलीला पालेभाज्यांच्या पाट्या लागल्या होत्या. अनोळखी माणसं वाटेत नळीला कुठे भोक सापडलं की तोंड लावून माझा जयजयकार करत आणि तो माझ्या मांडीपाशी येऊन पोचे. आक्काताई मला भरवत होती. एकदा घास धरून ती म्हणाली, "अवं, ही जातीय तरी कुठं?" मी म्हटलं, पुढं.

शनिवारपर्यंत कोरजवाडीत रताळ्याचं एकच वावर शिल्लक राहिलं, आमचं अंगणाला लागून असलेलं. बाकी सगळ्यांची डुकरांनी उलटीपालटी केली होती. गावाच्या बियाण्याचे वेल आता तेवढ्यातच होते. ते गेले तर पुढच्या वर्षी लावायला काही नाही, हे सांगायला सगळे एकत्र आले. बंदूक तुमचीच आहे, बारही तुम्हीच काढा, असं निवृत्ती सगळ्यांच्या वतीने म्हणाला. एक बार काढला तर नळी बोटभर कमी होणार होती. आता मला त्याचं काही वाटलं नाही. मी म्हटलं, उद्या सकाळी आठला.

रविवारी आठला सगळा गाव कुंपणापाशी उभा होता. माणसं झाडांवर चढली होती. कुणीतरी हलगी आणली होती. डुकरं नेहमीप्रमाणे आली, पुढे एक मोठा नर, त्याच्या मागे बाकीची. नर वावराच्या मधोमध थांबला आणि माझ्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. हलगी थांबली. बाबूंच्या बारालाही एवढी माणसं कधी जमली नव्हती.

मागून आक्काताईचा आवाज आला.

"अवं, मागल्या दारातनं कायतरी आत आलंय."

"काय?"

"बोळकांडीतनं येतंय. मी भांडी बाजूला घेतली."

मला वळून पाहता येत नव्हतं. पेट्या दोन्ही बाजूंनी खांद्याला लागल्या होत्या. पाठीच्या मधोमध काहीतरी गोल आणि गार टेकलं. आमच्या घरातल्या खोबरेल तेलाचा वास आला. बंदुकीला तेच लावतो आम्ही, बाबू असल्यापासून.

काडतूस घालायचं म्हणून मी बंदूक उघडली आणि सवयीने आत डोळा लावला. नळी अगदी स्वच्छ होती. पार टोकाला उजेडाचा छोटा गोल होता. त्यात पांढरं बनियन होतं आणि त्यावर निळ्या दोऱ्याचे टाके.

"बार!" झाडावरून कुणीतरी ओरडलं, आणि मग कुंपणाशी उभे असलेले सगळे एका सुरात ओरडू लागले, "बारवाले कृष्णात!"

नराने मान खाली घातली आणि पहिला वेल उपटला.

मी काडतूस आत सारलं, बंदूक मिटली आणि ताठ बसलो.